कुसुमआत्याची सव्वीस पत्रं

कुसुमआत्याला आलेले नकार आमच्या घरात फाइलीला लावून ठेवलेले आहेत, हे मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. फाइल आजोबांनी, म्हणजे अण्णांनी केली होती. अण्णा एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते आणि कागद फेकणं हा त्यांच्या मते उद्धटपणा होता. एखाद्या माणसाने बसून, शाई भरून, आपल्याला उद्देशून चार ओळी लिहायच्या आणि आपण त्या केरात टाकायच्या, हे त्यांना दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं वाटे. त्यामुळे फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांना कमी आणि कागदांना जास्त जागा होती. दोन्ही खाटांखाली पत्र्याच्या ट्रंका होत्या. त्यांत वाडीच्या मोफत वाचनालयाची इतिवृत्तं होती, कारण अण्णा त्याचे चिटणीस होते. लोकांच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. आणि डॉक्टरांच्या अशा चिठ्ठ्या होत्या ज्यांतला डॉक्टर आणि रोगी दोघेही वारलेले होते. आई दर दिवाळीला ट्रंका बाहेर ओढून पुसत असे आणि पुन्हा आत ढकलत असे. त्या उघडण्याची गरज कुणाला कधी वाटली नाही.

घरात आम्ही चौघं होतो. बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली बहीण कुसुमआत्या. आत्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये होती आणि लग्न न झालेली होती. या दोन गोष्टी लोक एका दमात सांगत, जणू एकीमुळे दुसरी झाली. पहाटे मागच्या गल्लीतल्या दाक्षिणात्यांच्या देवळात नादस्वरम् सुरू व्हायचं, त्याच्या आधी आत्याच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. नळ साडेपाचला यायचा, तेव्हा ती पदर खोचून पहिल्या नंबरावर उभी असे. सात वाजेपर्यंत तिची अंघोळ, पूजा आणि डबा होऊन जाई आणि आम्ही उठून बसेपर्यंत ती वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर पोचलेली असे. ती मोठ्याने हसायची. आता तो आवाज आठवला की मला पहिली आठवण येते ती शेजारच्या काकूंच्या खिडकीची, कारण आत्या हसली की ती खिडकी बंद होई.

अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी दिघे नावाचे गृहस्थ आमच्याकडे आले. दादरला एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर मुंबईतल्या मराठी घरांचे जुने कागद जमवून जपणारी एक संस्था होती. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण सगळे तिला नुसतं 'दफ्तर' म्हणत. मोठ्या माणसांचे कागद मोठ्या संस्था घेत. दफ्तर आमच्यासारख्यांचे घेई. दिघ्यांना वाचनालयाची इतिवृत्तं हवी होती. किडकिडीत, खांद्याला शबनम पिशवी लावलेला माणूस. जमिनीवर मांडी घालून बसला आणि आईने दिलेला चहा थंड होईपर्यंत पानं उलटत राहिला. बाबा खुश होते. आपल्या वडिलांच्या ट्रंकेला इतिहास म्हणणारा माणूस रोज भेटत नाही. तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी एक निळी फाइल होती. तिच्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कुसुम – स्थळे – आवक'. दिघ्यांनी दोन पत्रं वाचली, तिसरं अर्ध्यावर सोडलं आणि फाइल मिटून गुडघ्यावर ठेवली. मग अतिशय हळू आवाजात विचारलं, की हीसुद्धा मिळू शकेल का? असे कागद कुणी ठेवत नाही, आपण कधी पाहिले नाहीत, असंही म्हणाले. बाबांनी फाइल त्यांच्या गुडघ्यावरून उचलली आणि सांगितलं की ती चुकून तिथे आली आहे.

संध्याकाळी आत्या कचेरीतून आली तेव्हा फाइल गाद्यांच्या मागे होती. बाबांनी आम्हांला दोघींना न बोलण्याची ताकीद दिली होती आणि आईने ती पाळली, म्हणजे रात्रभर पाळली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, वालाचं बिरडं व्हायचं होतं, आणि मोड आलेले वाल सोलायला आम्ही तिघी परातीभोवती बसलो की घरात काही लपून राहत नसे. आत्याने ऐकून घेतलं. वाल चिमटीत दाबून डाळिंबी बाहेर काढायची आणि साल डाव्या हाताला टाकायची, हे चाललं होतं तसंच चालू राहिलं. परात संपल्यावर ती उठली, हात धुतले, गाद्यांच्या मागून फाइल काढली आणि बाबांना म्हणाली की सोमवारी दिघ्यांना निरोप पाठव, न्यायला या म्हणून.

बाबांचं म्हणणं वाजवी होतं. घरातली अब्रू लोकांना वाचायला द्यायची नसते. शिवाय माझी स्थळं त्या वर्षी बघायला सुरुवात झाली होती, आणि मुलीच्या आत्याला एवढ्यांनी नाकारलं हे दफ्तराच्या छापील यादीत आलं तर मुलीचं काय होणार, हे आईने डोळ्यांत पाणी आणून विचारलं. "वन्सं, तुमचं झालं गेलं, हिचं व्हायचं आहे," ती म्हणाली. बाबा पुन्हा म्हणाले की पत्रं अण्णांच्या नावावर आलेली आहेत, म्हणजे ती घराची आहेत, एकट्या ताईची नाहीत.

"पत्रं अण्णांच्या नावावर आहेत," आत्या म्हणाली, "नकार माझ्या नावावर आहेत. तीस वर्षं मी कचेरीत दुसऱ्यांचे कागद सांभाळते आहे, वसंता. माझे स्वतःचे म्हणावेत असे एवढेच आहेत."

बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बाजारातून फाइलीसाठी नवा दोरा आणून तिच्या खाटेवर ठेवला. आमच्याकडे माघार अशी घेतली जाई.

दिघ्यांना द्यायच्या आधी यादी व्हायला हवी, हा आत्याचा आग्रह होता. यादीशिवाय कागद हलला की तो हरवलाच समजायचा. ती सांगे आणि मी लिही, कार्बन घालून दोन प्रतींत. सव्वीस पत्रं होती, प्रत्येकावर अण्णांनी घातलेला क्रमांक. बरीचशी मुलांच्या वडिलांची होती आणि बहुतेकांची पत्रिका जुळत नव्हती. दोघांना मंगळ नको होता, जो आत्याला नव्हताच. एकाने लिहिलं होतं की मुलगी पसंत आहे परंतु जिना फार उभा आहे, पुढे येणंजाणं कसं व्हायचं. आत्याला प्रत्येक माणूस आठवत होता. हे उशिरा आले, यांच्या आईला कमी ऐकू येत होतं, हा सगळा वेळ पंख्याकडे बघत होता. आमच्याकडे बघायला येणाऱ्यांना पोहे न देता रव्याचे लाडू देत, कारण मंडळी वेळेवर येत नाहीत आणि पोहे गार होतात, असा अण्णांचा अनुभव होता. म्हणून आत्या माणसांना लाडवांवरून ओळखे. अर्धा खाल्लेला, दोन खाल्लेला, रुमालात बांधून नेलेला. मी हसत होते, तीही हसत होती, आणि शेजारची खिडकी दोनदा बंद झाली.

सतरा नंबरचं पत्र वेगळं होतं. ते मुलाने स्वतः लिहिलं होतं आणि चार पानी होतं. नकार पहिल्याच ओळीत होता. उरलेल्या पानांवर आपल्या कन्येच्या हितासाठी म्हणून सात सूचना होत्या, क्रमांक घालून. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीने मुलाला काय वाचता असं विचारू नये. विचारलं तर त्याच्या उत्तरातली चूक काढू नये. हसताना आवाजावर ताबा असावा. वाचन चांगलं, पण त्याचं प्रदर्शन नको. चष्म्याची फ्रेम चेहऱ्याला उग्र दिसते, ती बदलावी. उरलेल्या दोन मला आता आठवत नाहीत. त्याही याच जातीच्या होत्या. मी खालची सही वाचली आणि पुन्हा वाचली. सही करणारे आता नावाजलेले प्राध्यापक होते. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावरची त्यांची दोन पुस्तकं आम्हांला कॉलेजात लावलेली होती. त्यांतलं एक त्या वेळी माझ्या पिशवीत होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आत्याने ते कधी घेतलं नाही, तर मी कशाला घेऊ?

"लिही," आत्या म्हणाली, "सतरा. चार पानं. सूचनांसह."

फाइल दफ्तरात गेली. दोन महिने काही झालं नाही. मग एका संध्याकाळी दिघे आले आणि चहा नको म्हणाले, त्यावरून काहीतरी बिनसलं आहे हे आम्हांला कळलं. नव्या आलेल्या कागदांची यादी समितीपुढे जाते, आणि प्राध्यापक त्या समितीवर होते. त्यांनी यादी वाचली होती. व्यक्तिगत स्वरूपाची पत्रं, ज्यांचे लेखक हयात आहेत, ती ठेवू नयेत असं त्यांचं मत होतं. एकतर सबंध फाइल परत करावी, नाहीतर निदान सतरा नंबर काढावा. दिघ्यांनी विरोध केला होता आणि ते आता स्वतःच्या नोकरीबद्दल बोलायचं टाळत होते. समितीने आत्याला शनिवारी दुपारी बोलावलं होतं. दफ्तराच्या पत्रावर वरती समितीच्या सगळ्या सभासदांची नावं छापलेली असत, आणि आत्या कोणताही कागद वरपासून वाचणारी होती. तेव्हा प्राध्यापक समितीवर आहेत हे तिला फाइल देण्याआधीच माहीत असणार, असं मला नंतर अनेकदा वाटलं आहे. मी तिला विचारलं नाही.

शनिवारी ती मला बरोबर घेऊन गेली. कचेरीत नेसायची तीच किरमिजी काठांची सुती साडी, पर्समध्ये पेन, कोरे कागद आणि एक कार्बन. शाळा सुटलेली होती, तिसऱ्या मजल्यावर डिंकाचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. लांब टेबलापाशी पाच-सहा माणसं बसली होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त डॉक्टर होते, त्यांना लवकर घरी जायचं होतं. प्राध्यापक टेबलाच्या त्या बाजूला होते. पुस्तकावरच्या फोटोपेक्षा ते बुटके होते आणि अंगावर स्वच्छ इस्त्रीचा झब्बा होता. ते उठून उभे राहिले. आत्याने नमस्कार केला, त्यांनी केला, आणि दोघं समोरासमोर बसली. याआधी ती अशी समोरासमोर बसली होती तेव्हा मधे लाडवांची बशी असणार, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

प्राध्यापक चांगलं बोलत. ते म्हणाले की प्रश्न एका पत्राचा नाही, तत्त्वाचा आहे. तरुणपणी माणूस जे लिहितो ते त्याचं अंतिम मत नसतं. पुढच्या अभ्यासकांनी संदर्भ सोडून एखादा कागद वाचला तर लेखकावर अन्याय होतो आणि संस्थेच्या नावालाही बाध येतो. हे सगळं त्यांनी टेबलाकडे बघून सांगितलं. शेवटी आत्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हांला त्रास झाला असेल तर मी दिलगीर आहे."

"तेव्हाचा, का आत्ताचा?" आत्याने विचारलं. तिला खरोखरच माहिती हवी होती, अशा आवाजात.

त्यांनी समोरचे कागद सरळ केले. म्हणाले, की ते पत्र आपल्याला परत मिळावं एवढीच विनंती आहे. दिघ्यांनी मान खाली घातली. मला वाटलं आता आत्या नाही म्हणेल, आणि मी त्यासाठी तयार होऊन बसले. आत्याने फाइल स्वतःकडे ओढली, दोरा सोडला, सोळा पत्रं बाजूला काढली आणि सतरावं उचललं.

"हे लिहिल्यावर पुन्हा कधी वाचलंत?"

"नाही."

"मग आधी वाचा. न वाचता काही ताब्यात घेऊ नये."

त्यांनी वाचलं. चारही पानं वाचली. पंखा करकरत होता आणि डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्या पानावर प्राध्यापकांचे कान लाल झाले. ते गोरे असल्यामुळे ते टेबलाच्या या बाजूनेही दिसलं. त्यांचं वाचून झाल्याचं पाहून आत्या म्हणाली, "पाचवी सूचना मी पाळली. फ्रेम बदलली."

त्यांनी मान वर करून तिच्या चष्म्याकडे पाहिलं. चांगलं थांबून पाहिलं. "बरी दिसते," ते म्हणाले.

मग आत्याने पर्समधून कोरा कागद काढला, खाली कार्बन घातला आणि लिहिलं, की आवक क्रमांक सतरा, पानं चार, लेखकाने स्वतः मागितल्यावरून परत दिलं, ते मिळालं. कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. ते जरा घुटमळले. डॉक्टर म्हणाले, "सही करा हो, नियमच आहे तो." असा काही नियम नव्हता, दिघ्यांनी मला नंतर सांगितलं. प्राध्यापकांनी सही केली, पुस्तकाच्या पहिल्या पानावर करतात तशी, पूर्ण नाव, खाली रेघ. आत्याने वरची प्रत घेतली, सोळा आणि अठरा या पत्रांच्या मधे लावली, दोरा ओढून गाठ मारली आणि फाइल दिघ्यांकडे सरकवली. कार्बनची प्रत प्राध्यापकांना दिली. तेव्हा आपली सही फाइलीत राहिली हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते उठता उठता परत बसले. फाइल ठेवायला आता कुणाची हरकत आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. कुणाची नव्हती.

खाली रस्त्यावर आल्यावर मला ओरडावंसं वाटत होतं. मी आत्याकडे पाहिलं तर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी तिला उन्हात कधी अशी बसलेली पाहिली नव्हती. पर्स माझ्याकडे देत म्हणाली, जरा धर. फुलबाजाराकडून माणसांचे लोंढे येत होते आणि तिला ओलांडून जात होते. मी विचारलं, दिलंस कशाला परत? तुझं होतं ते.

"मागितलं ना त्याने," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "सव्वीस जण आले त्यांत तो एकच मला आवडला होता गं. बाकीच्यांचे नकार आले की मी सुटले म्हणायची. त्याचं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस कचेरीत गेले नाही."

ती उठली, साडी झटकली, आणि घरी जाताना अर्धा किलो सुरण घेतला. रात्री त्याची भाजी झाली. बाबांनी काय झालं ते विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की फाइल राहिली, एक पत्र कमी झालं.

माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. मुलाकडच्यांनी आत्याची चौकशी केली नाही. त्यांना जिन्याचा त्रास झाला. मला त्याआधी आलेले दोन नकार मी पुढे दफ्तराला देऊन टाकले. आत्या निवृत्तीनंतर अनेक वर्षं जगली, शेवटपर्यंत मोठ्याने हसली आणि एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता गेली. फणसवाडीतली आमची इमारत आता नाही. तिच्या जागी जे उभं आहे त्याला लिफ्ट आहे.

या वर्षी दफ्तरातून मला फोन आला. आता तिथे सगळी नवी मुलं आहेत, हातमोजे घालून काम करतात. फोन करणारी मुलगी म्हणाली, प्राध्यापक वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्यांचे सगळे कागद दिले आहेत, नऊ पेट्या. त्यांची यादी करताना तिला एक चार पानी पत्र सापडलं, ज्यावर अण्णांचं नाव आणि अण्णांच्याच अक्षरात सतरा हा आकडा आहे. ती निळी फाइल तिला माहीत होती. तिथे येणारे बहुतेक अभ्यासक फाइलीतली ती सही केलेली पावती बघायला येतात, असंही म्हणाली. तर आता हे पत्र मूळ जागी लावायचं, की प्राध्यापकांच्या कागदांत ठेवायचं, हे घरच्या माणसाला विचारावं असं त्यांचं ठरलं होतं.

मी गेले. त्या इमारतीचे तीन मजले चढायला मला आता दोन ठिकाणी थांबावं लागतं. मुलीने पत्र मऊ कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवलं. आमच्याकडे असताना ते सपाट होतं, भोकं पाडून दोऱ्यात अडकवलेलं, कडेला थोडं पिवळं पडलेलं, इतकंच. आता त्याला पाकिटात मावेल अशा चार घड्या होत्या. घड्यांवर कागद झिजून आरपार दिसत होता. दोन ठिकाणी तो फाटला होता आणि मागून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती, तीही जुनी होऊन तपकिरी झाली होती. एका ठिकाणी पट्टीवर पट्टी होती. कुठे सापडलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या पेटीत, चष्म्याच्या घरात.

मी सांगितलं की प्राध्यापकांकडेच राहू दे. तिने बरं म्हटलं आणि एक छापील तक्ता भरायला घेतला. क्रमांक, लेखक, पानं, कुणाकडून मिळालं. स्थितीचा रकाना आला तेव्हा तिने पत्राकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं: वारंवार हाताळलेले. मग सहीसाठी तक्ता माझ्याकडे फिरवला.